कार्यानुभवाचा रकाना

आमच्या शाळेला नववीची परवानगी नव्हती, आणि त्या वर्षी मला दुसरं काही सुचत नव्हतं. साल १९८६. नेरूळला तेव्हा रस्ते आधी आणि माणसं नंतर अशी गत होती. आमची शाळा पहिली ते आठवीची. आठवी झालेल्या मुलांनी पुढे बसने वाशी गाठायची. इमारतींमधली मुलं जायची, सारसोळे गावातल्या मुली जायच्या नाहीत. आदल्या वर्षी गावातल्या सात मुली आठवी पास झाल्या आणि सातही जणी घरी बसल्या. त्यातल्या दोघींची लग्नं वर्षाच्या आत झाली. मी दोन्हीकडे आहेर घेऊन गेले. घास घशाखाली उतरला नाही असं म्हणायला हवं, पण खोटं कशाला बोलू, जेवण उत्तम होतं. राग घरी आल्यावर आला, आणि तो स्वतःचाच.

मी तिथली मुख्याध्यापिका. मूळची सातारची, नवऱ्याची नोकरी बेलापूरच्या सरकारी कचेरीत, म्हणून नव्या मुंबईत आलेली. सगळे मला मोठ्या बाई म्हणायचे. वयाने नव्हे, आवाजाने.

त्या वर्षीच्या आठवीत पुतळा होती. सारसोळ्याची. तिची आई मुक्ताबाई आमच्याच सेक्टरमध्ये दारोदार मासळी विकायची. पुतळाचं गणित असं होतं की खलील सर फळ्यावर उदाहरण लिहून खाली वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. एकदा त्यांनी टाकी भरणाऱ्या दोन नळांचं उदाहरण घातलं, तर हिने उभं राहून विचारलं, "सर, टाकी गलते का पयलं त्ये सांगा." खलील सरांनी ते मला स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा सगळे हसले. मला मात्र धडकी भरली. जून आला की हीपण घरी बसणार, हेच डोक्यात आलं.

म्हणून मी नववीच्या मागे लागले. संस्थेने प्रस्ताव पाठवला. शिक्षण खात्याकडून निरोप आला की साहेब येऊन तपासणी करतील, आठवीत किमान तीस मुलं प्रत्यक्ष वर्गात दिसली पाहिजेत, आणि पहिलीपासून दहावीपर्यंतच्या सर्वांगीण अभ्यासक्रमाचा आराखडा आधी सादर करावा.

आराखडा म्हटल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. ड्रॉइंग पेपरचे चार ताव एकमेकांना चिकटवले, रंगीत पेन्सिली घेतल्या आणि आठवडाभर घरातल्या जेवणाच्या टेबलावर कुणाला जेवू दिलं नाही. पहिली-दुसरीला मातीकाम आणि गोष्टी, तिसरी-चौथीला परिसरातल्या फेऱ्या, पाचवीपासून संगीत. हिंदीच्या दोन तासिका काढून मी संगीताला दिल्या, तेव्हा हिंदीच्या अरुणाबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. मी म्हटलं, नका बोलू. मुलाला नुसतं डोकंच असतं का? हात असतात, कान असतात, पाय असतात. मला ते सगळं त्या चौकटींत बसवायचं होतं आणि बसतही होतं. फार मजा आली, हे कबूल करते.

शेवटचा रकाना कार्यानुभवाचा, म्हणजे हाताने करायच्या कामाचा. आठवीसाठी मी दोन गट पाडले. गट अ, विजेची घरगुती दुरुस्ती. गट ब, जाळे विणणे आणि मासळी टिकवणे. एका प्रशिक्षण शिबिरात ऐकून आले होते की शिक्षण हे मुलाच्या परिसराशी जोडलेलं हवं. मग सारसोळ्याच्या मुलांचा परिसर कोणता? खाडी. मला वाटलं, या मुलांच्या घरच्या कामाला आपण शाळेत मान देतोय. गट ब समोर मी एक छोटासा मासाही काढला, निळ्या पेन्सिलीने.

खलील सर मूळचे उरणकडचे. बोलणं कमी. त्यांनी चष्मा वर करून तो रकाना वाचला.

"गट बमधे कोण कोण, बाई?"

"सारसोळ्याची पंधरा मुलं."

"आणि अमधे?"

"बाकीची. का?"

"काय नाय. एकदा गावात विचारून घेतलं असतं तर..."

"विचारायचं काय त्यात? त्यांच्या अभिमानाचा धंदा आहे सर, आपण काही त्यांना भीक मागायला शिकवत नाही."

ते गप्प बसले. मी कुणी गप्प बसलं की त्याला पटलं असं धरून चालते, ही माझी जुनी खोड. जानेवारीत आराखडा तीन प्रतींत रवाना झाला.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मी आठवीच्या वर्गात जाऊन गट वाचून दाखवले. नायलॉनचा दोरा आणि बांबूच्या सुया आणून कपाटात ठेवल्याच होत्या. सारसोळ्याच्या मुलांकडून एक शब्द आला नाही. मी तोही होकारच धरला. तपासणी पुढच्या सोमवारी होती.

गुरुवारी सारसोळ्याचं एकही मूल आलं नाही.

आधी मला वाटलं गावात काही कार्य असेल. शुक्रवारीही कुणी नाही. आठवीचा पट चौतीस, त्यातून पंधरा गेले की उरले एकोणीस. ही वजाबाकी मी त्या दोन दिवसांत किती वेळा केली असेल देव जाणे, दर वेळी एकोणीसच यायचे. दर तासाला जाऊन हजेरीपट उघडायचे. मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी राहायचे आणि गावाकडच्या रस्त्यावर कुणी दिसतंय का ते बघायचे. संस्थेचे अध्यक्ष दिनानाथराव येऊन विचारून गेले, "सगळं ठीक ना बाई?" मी म्हटलं, "अगदी." रात्री नवऱ्याने भाजीत मीठ नाही म्हटलं तर त्याच्यावर असे ओरडले की तो बिचारा तसाच जेवून उठला.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर खलील सरांना बरोबर घेऊन मी सारसोळ्याला गेले. मुक्ताबाई ओट्यावर बसली होती. मला बघून उठली, आतून खुर्ची आणली, पाणी दिलं. स्वतः मात्र बसली नाही. पुतळा दारात उभी होती.

"मुक्ताबाई, मुलं दोन दिवस का नाही आली?"

"तुमीच तर शाला घरी धाडली ना बाई," ती म्हणाली. "मंग पोरी आता घरीच शिकतान."

"म्हणजे?"

"जाला विनाया आमी शिकवतू की. त्याला इत्क्या लांब कनाला चालत याया पायजे?"

मी माझं भाषण काढलं. श्रमाची प्रतिष्ठा, परिसर, परंपरा. शिबिरात ऐकलेलं सगळं. मुक्ताबाईने शांतपणे ऐकून घेतलं. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती असंच ऐकून घ्यायची.

"माज्या बापाची जाली अख्ख्या खाडीत नावाजलेली व्हती, बाई. त्या कामाची लाज नाय आमाला. पन ही पोर सा वर्साची व्हती तवापासना विनते. तिला जे येतं त्ये तुमी तिला काय शिकिवनार?" मग म्हणाली, "आनि बिल्डिंगीतल्या पोरांना काय दिलाव?"

"विजेचं काम," मी म्हटलं.

"लाईट आमच्यात बी हाय. चार वर्सा झाली."

खलील सर खाली जमिनीकडे बघत होते. मला राग आला, भयंकर राग आला. मुक्ताबाईचा नाही, ती बरोबर बोलत होती याचा. मी त्या रकान्यात मान म्हणून जे लिहिलं होतं, ते ह्या ओट्यावर बसून वाचलं की 'तुम्ही आहात तिथेच राहा' असं वाचता येत होतं. आणि ते कळायला मला खुर्चीवर बसवून पाणी पाजावं लागलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडातून सहसा येत नाहीत. खलील सरांनी मान वर करून बघितलं. "मी आराखडा बदलते. आठवीच्या सगळ्यांना एकच काम, वीज. सोमवारी मुलं पाठवा. सारसोळ्याच्या एकाही मुलाला मी शाळेत जाळं विणायला लावणार नाही. हा माझा शब्द."

मुक्ताबाईने पुतळाकडे बघितलं. "आयकलास? बाईंनी सबूद दिलाय." पुतळा हसली. बाकीच्या घरी ती स्वतः सांगेल, असं मुक्ताबाई म्हणाली.

रविवार सगळा खोडण्यात गेला. निळा मासा खोडरबराने जाईना, शेवटी ताव बदलला. गट काढून टाकले. खलील सर येऊन तासिकांचा हिशेब जुळवून गेले. संध्याकाळी दिनानाथराव आले, नवा आराखडा बघून त्यांचा चेहरा उतरला. "बाई, साहेबांकडे जुनाच आहे. आता दुसरा पुढे केलात तर फाइल परत जाईल. मग पुढच्या वर्षी." मी म्हटलं, मी साहेबांना तोंडी समजावीन. "समजावा," ते म्हणाले, "पण आधी त्यांचा मूड बघा." नवा आराखडा मी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत नेऊन माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.

सोमवारी सव्वादहाला मी फाटकाशी होते. साडेदहापर्यंत गावाकडून कुणी आलं नाही. मग ती आली, एकदम, घोळक्याने, तेल लावलेल्या वेण्या आणि धुतलेले गणवेश. मी मोजली. पंधरा. चौतीस पुरे चौतीस. मला तिथेच फाटकाला धरून रडू येणार होतं.

साहेब दीड तास उशिरा आले. मनाने चांगला माणूस, हे आधीच सांगते. पाण्याची टाकी बघितली, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या मोजल्या, चौथीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेतले आणि चुकलेल्याच्या पाठीवर थोपटलं. मग आठवीच्या वर्गात आले. मुलं उभी राहिली, त्यांनी ती मोजली, पुस्तकात टिपलं आणि काखेतली फाइल उघडली. माझाच आराखडा, घडी पडलेला. कार्यानुभवाच्या रकान्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या.

"बाई, हे मला फार आवडलं," ते म्हणाले. "सगळ्या शाळा आम्हाला शिवण आणि बागकाम लिहून पाठवतात. तुम्ही खाडीकडे बघितलंत. मी हा आराखडा इतर शाळांना नमुना म्हणून दाखवणार आहे."

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, सकाळपासून घोकलं होतं: साहेब, त्यात आम्ही थोडा बदल केला आहे.

"पण एक सांगा," साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे खरोखर चालू आहे ना? की नुसतं कागदावर? कागदावरच्या शाळांना मी परवानगी देत नाही."

मागे दिनानाथराव खाकरले. खलील सर खिडकीशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी काय झालं असतं मला माहीत नाही. मला फक्त गेल्या वर्षीच्या सात मुली दिसत होत्या आणि पुढचं आणखी एक वर्ष. चालू नाही म्हटलं तर फाइल परत. फाइल परत गेली तर नववी नाही. नववी नाही तर पुतळा घरी. इतकं सरळ होतं ते, तिच्याच गणितासारखं.

"चालू आहे," मी म्हटलं.

"मग दाखवा की एखादं."

मी वर्गाकडे वळले. सारसोळ्याची पंधराही मुलं बाकाकडे बघत होती. कुणाला बोलवावं? मारोती नावाचा एक दांडगा मुलगा होता, तो सरळ नाही म्हणाला असता. नंदिनी रडली असती. पुतळा मला कधीच नाही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी तिचं नाव घेतलं. हे लिहिताना अजूनही माझी मलाच चीड येते.

"पुतळा, ये बाळ."

ती एक क्षण तशीच बसली. माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असावं की माझ्याकडून चुकून नाव गेलं, मी आता दुरुस्त करीन. मी दुरुस्त केलं नाही. कपाट उघडून दोरा आणि सुई मी स्वतः तिच्या हातात दिली.

तिने दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि विणायला लागली. हाताकडे बघायची तिला गरजच नव्हती. ती फळ्याकडे बघत होती, खलील सरांनी सकाळी लिहिलेलं समीकरण अर्धवट तसंच होतं. एकसारखी घरं पडत गेली, भराभर.

"वा!" साहेब म्हणाले. "याला म्हणतात रक्तातलं कौशल्य. हे पुस्तकातून येत नाही."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्गाने वाजवल्या. पहिल्या बाकावरचा विलास, इमारतीतला मुलगा, "एकदम भारी यार!" असं मनापासून ओरडला. सारसोळ्याच्या मुलांनीही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून. पुतळाने दोरा सोडला, नीट गुंडाळला, माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

साहेबांनी शेरा चांगला दिला. दिनानाथरावांनी पेढे आणले. मी खाल्ला. एकदाच तर, पाच मिनिटं तर, आणि तिच्यासाठीच तर, असं मी स्वतःला त्या दिवशी शंभरदा सांगितलं. नवा आराखडा दुसऱ्याच दिवसापासून लागू केला. पुतळा आणि विलास एका टेबलावर बसून वायरी सोलू लागले, होल्डर जोडू लागले. सारसोळ्याची सगळी मुलं येत राहिली.

पण मुक्ताबाई आमच्या मजल्यावर यायची थांबली. खालच्या मजल्यावरून तिची हाक ऐकू यायची, मग जिन्यात पावलं, आणि मग ती पावलं परत खाली. ती भांडायला येईल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. साहेब तसं म्हणाले, मग मी काय करणार होते, तुमच्याच मुलीचं भलं झालं ना. रोज सकाळी मी दाराशी ती उत्तरं मनात घोळवत उभी राहायचे आणि तिची हाक दुसऱ्या इमारतीकडे निघून जायची. मार्च गेला. परीक्षा झाली, पुतळाला गणितात शंभरापैकी सत्त्याण्णव पडले. मे महिन्यात नववीच्या परवानगीचं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं, देवापुढे ठेवलं आणि साताऱ्याला माहेरी गेले. बऱ्याच महिन्यांनी शांत झोपले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नववीच्या पटावर अठ्ठावीस नावं होती. सारसोळ्याच्या मुली आठ. मी बोट ठेवून वाचत गेले. मग वरून पुन्हा वाचलं.

"पुतळा?"

"मुक्ताबाई मेमधे येऊन दाखला घेऊन गेल्या," खलील सर म्हणाले. "कारण काय लिहू विचारलं, तर बोलल्या, पुढचं शिक्षण."

"कुठे?"

"वाशीला."

"वाशीला? अहो, त्या मुलीला एकटं बसने कोण पाठवतंय तिकडे!"

"एकटी नाय जात. मुक्ताबाई सोबत जातात. आता मासळी तिकडंच विकतात, शाळेजवळच्या मार्केटात. शाळा सुटली की दोघी परत. मी तुम्हाला साताऱ्याला पत्र टाकणार होतो. मग म्हटलं, कशाला."

म्हणजे इथली इतक्या वर्षांची मासळीची ठरलेली घरं, ओळखीची गिऱ्हाइकं, सगळं सोडून ती बाई अनोळखी बाजारात जाऊन बसली होती. जी गोष्ट गावात कधी घडणार नाही असं धरून मी एवढा खटाटोप केला, ती तिने करून दाखवली. माझ्या नववीपासून मुलीला लांब नेण्यासाठी.

जुलैत एका सकाळी मला बेलापूरच्या कचेरीत काम होतं. बसस्टॉपवर दोघी भेटल्या. पुतळाच्या अंगावर वेगळ्या रंगाचा गणवेश. तिने वाकून नमस्कार केला, मला कसंतरीच झालं.

"कशी आहे नवी शाळा?"

"बरी हाय, बाई."

"कार्यानुभवाला काय आहे तिथे?"

"शिवन. पोरींना मशीन."

"पुतळा, आपल्याकडे आता सगळ्यांना वीज आहे हं," मी घाईघाईने म्हणाले. "तू होतीसच की. प्रवेश अजून बंद झालेला नाही. तू आलीस तर..."

"मशीनचा दोरा माज्याकडून सारखा तुटतो," ती मध्येच म्हणाली. "अख्ख्या वर्गात मीच ढ. तितल्या बाई बोलतात, हिला पयल्यापासना शिकवाया लागनार." आणि ती हसली, अगदी खुशीत, जसं काही बक्षीस मिळालंय.

वाशीची बस आली. मुक्ताबाईने टोपली उचलली. आता तरी बोलेल, म्हणून मी अंग आवळून उभी राहिले. माझी सगळी उत्तरं अजून पाठ होती.

"नववी चालू झाली ना, बाई?" तिने विचारलं.

"झाली."

"आट पोरी हायत गावातल्या, आयकला."

"हो, आठ."

"बरा झाला," ती म्हणाली, "बरा केलाव," आणि ते तिने मनापासून म्हटलं. त्यापेक्षा तिने त्या रांगेत सगळ्यांसमोर माझं तोंड फोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.